सहा जानेवारीच्या पोरी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शिरूर कासारच्या या बाजारात त्रिंबकतात्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी ऐका. एका कॉम्प्युटरनं आमच्या वस्तीवरच्या कबड्डीच्या पोरींना सगळ्यांच्या सगळ्या एका दिवशी नव्यानं जन्माला घातलं, आणि ते जन्म मी माझ्या एकट्याच्या रागावर परत फिरवले. बीडपर्यंत जाऊन फिरवले.

गुरुलिंगअप्पा, तुम्ही गल्ल्यावर बसून हसू नका. तुमच्याच पोराचं कर्तृत्व आहे ते. सांगतो.

गोकर्णा माझी नात. तिचे आईबाप, म्हणजे माझा रामेश्वर आणि सून सुनिता, दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. पोरगी आमच्याजवळ राहते. आठवीत आहे. उंच, काटकुळी, तोंडातून शब्द निघणं मुश्कील. पण मैदानात चढाईला गेली की समोरच्या पोरी तिचा हात लागायच्या आधीच बाहेर जाऊन बसतात. हे खोटं नाही. थोडं वाढवून सांगितलंय, पण खोटं नाही.

तर यंदा बीडच्या मोहनरावांच्या मंडळानं मुलींच्या कबड्डीचे सामने भरवले. नावं द्यायची वेबसाइटवर. वयाची अट अशी, की अमुक सालच्या एक मार्चनंतर जन्मलेली पोरगी चालेल. त्याच्या आधीची असली तर मोठी, म्हणून बाद. आमच्या शाळेचे मुंजाजी गुरुजी बसले मोबाइल घेऊन आणि भरली नावं. सगळ्या पोरी त्याच सालच्या. आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून.

आता कोणी बाहेरचा ऐकत असेल तर त्याला वाटेल, हे काय गौडबंगाल आहे? त्याच्यासाठी सांगतो. आमच्या बायका बाळंत होतात त्या उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत, कोणी सांगलीकडं, कोणी पार कर्नाटकात. तिथं नोंद कोण करणार, मुकादम? लेकरू जरा मोठं झालं की गुरुजी त्याला म्हणतात, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात पोचला की लेकरू शाळेत. शाळा उघडते जूनमध्ये, म्हणून जन्मतारीख एक जून. माझी एक जून, रामेश्वरची एक जून, सुनिताची एक जून. आमच्या घराला वर्षाला एकच केक लागला असता, कोणी आणला असता तर.

पण आमची गोकर्णा मात्र खरीच जूनची. गुरुजींनी डोळे झाकून दगड मारला आणि तो नेमका आंब्याला लागला. माझी बायको चंद्रभागा साक्षीदार आहे, ती बघा तिकडं पायरीवर बसून शेंगदाणे निवडतेय. तिला विचारा. नको, राहू द्या, विचारू नका. शेंगदाणे खवट निघालेत, ती आधीच वैतागलीय.

हां, तर नावं भरली आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींचा मोबाइल वाजला. वेबसाइटवर आमच्या संघाचं नाव, आणि खाली प्रत्येक पोरीच्या नावापुढं तांबड्या अक्षरात 'अपात्र'. जन्मतारीख सहा जानेवारी. एकीची नाही, दोघींची नाही, सगळ्यांची. सहा जानेवारी म्हणजे मार्चच्या आधी. म्हणजे मोठ्या. म्हणजे बाद.

गुरुजींनी मंडळाला फोन लावला, तर तिकडचा माणूस म्हणाला, "आख्खा संघ एकाच दिवशी जल्मला? आमाला काय येडं समजता का? वय चोरणारी टोळी हाय तुमची." आणि ठेवला फोन.

मी तेव्हा अंगणात दोर वळत बसलो होतो. गोकर्णा शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"आजा, मला कावून बाद केलं?"

"कॉम्प्युटर म्हणतो तू मोठी हाय."

"मी कुठं काय म्हणले त्याला?"

एवढंच. रडली नाही. आत गेली आणि खेळायचा बनियन घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला, वर आईच्या साड्या ठेवल्या, वर पेटीचं झाकण. सुनिता तिकडं मुकादमाशी भांडून सुट्टी मिळवत होती, लेकीचा खेळ बघायला. पंधरा हंगामात त्या बाईनं बाळंतपणाशिवाय सुट्टी मागितली नव्हती. तिला आता फोन करून काय सांगायचं? की तुझ्या लेकीला कोणी हरवलं नाही, तुझ्या लेकीला तारखेनं हरवलं?

माझं डोकं सणकलं. असा राग मला आयुष्यात दोनदाच आला, आणि पहिल्या वेळी मी चालत्या ट्रॅक्टरची ट्रॉली हातानं थांबवली होती. काठी घेतली आणि या दुकानावर आलो. रुद्रेशचं नाव घेऊन अशी हाक मारली की अप्पांच्या फळीवरची लोणच्याची बरणी तडकली.

"बरणी मांजरानं पाडली, तात्या," अप्पा म्हणतात.

मांजर का पळालं ते विचारा की. असो.

रुद्रेश म्हणजे अप्पांचा धाकटा. पुण्याला शिकला, आता दुकानाच्या माडीवर बसून कॉम्प्युटरवर लोकांच्या वेबसाइट बांधतो. मोहनरावांच्या मंडळाची वेबसाइट त्यानंच बांधलेली. मी जिना चढून वर गेलो. कानात ते दोन बोळे घालून बसला होता.

"का बे रुद्र्या, माझ्या नातीला जानेवारीत कोणी जल्माला घातलं?"

त्यानं बोळे काढले. "काय झालं तात्या? बसा आधी."

"बसायला न्हाई आलो. एक जूनची पोरगी सहा जानेवारीची कशी झाली ते सांग."

त्यानं पडद्यावर आमचा संघ काढला. बघितला. आणि त्याचं तोंड असं झालं जसं दाताखाली खडा यावा.

"तात्या, चूक माझी हाय. पण मी काय केलं न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी मी तारखेला हातच लावला न्हाई. ही वेबसाइट मी समदी हातानं न्हाई बांधत. तयार सांगाडा मिळतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला. खांब, भिंती, दारं त्याच्यात आधीच असतात. आपुन काय सांगितलं न्हाई, तर ते त्याच्या सवयीनं चालतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. अन् तारीख वाचायची त्याची सवय अमेरिकेची हाय. आधी महिना, मग दिवस. गुरुजींनी भरलं एक-सहा. आपल्याला ते एक जून. त्याला ते पहिला महिना, सहा तारीख."

"सहा जानेवारी."

"हां."

"मग तू तपासलं न्हाई व्हय रं? गिऱ्हाइकाला पीठ देताना अप्पा ते चिमटीत धरून बघतेत अन् तू डोळे झाकून देतो?"

"तपासलं की! माझीच जन्मतारीख टाकून बघितली. पंचवीस सप्टेंबर. आता पंचविसावा महिना नसतोच, मग ते बिचारं गपचूप दिवस समजलं. पडद्यावर बरोबर दिसलं. मला वाटलं समदं बरोबर हाय."

"पंचवीस तारीख तुला कोणी सांगितली?"

"सांगायची कशाला? दवाखान्याचा दाखला हाय."

इथं माझा राग जो वर चढला तो माडीच्या छताला लागला. मी काठी आपटली. खाली अप्पांच्या तराजूचा काटा हलला, गिऱ्हाईक साक्षीला आहे.

"म्हंजी ज्याच्या आईला दवाखाना मिळाला, त्याची तारीख ह्या तुझ्या सांगाड्याला नीट वाचता येती. अन् जिला पाचटावर बाळंत व्हावं लागलं, तिच्या लेकरांचा आख्खा संघ उलटा! बाकीच्या संघांत किती पोरी उलटल्या?"

त्यानं बघितलं. "एखाद-दुसरी. त्यातली एक तर उलटून अजून लहान झाली."

"अन् आमच्या?"

"समद्या."

"कोणी बांधला बे हा सांगाडा?"

"परदेशातल्या लोकांनी, तात्या. त्यास्नी शिरूर कासार ठाव न्हाई."

"ठाव नसंल तर विचारावं! न्हाई विचारता येत तर गप बसावं! न सांगितल्यालं आपल्या मनानं कावून ठरवावं?"

तेव्हा रुद्रेश खाली मान घालून जे बोलला, ते मला अजून टोचतंय. "तात्या, राग नगा मानू. पर एक जून तरी कुठं खरी हाय? गुरुजींना कोणी सांगितलं न्हाई, म्हणून त्यांनी त्यांच्या सवयीनं लिवलं. ते बी डिफॉल्टच की."

मी काठी उचलली होती. खरंच उचलली होती. मग खाली ठेवली.

"ऐक," मी म्हणालो. "गुरुजींनी लिवलं ते पोरीचं तोंड बघून लिवलं. तिचा हात कानाला लागतो का बघितलं, ती भुकेली हाय का विचारलं, अन् मग लिवलं. तिला शाळेत घ्यायला लिवलं. तुझ्या सांगाड्यानं तिला बाहेर काढायला लिवलं. खोटं असंल तर दोन्ही खोटं. पर आमचं खोटं आमाला माघारी दे."

त्यानं पडद्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "एका ओळीचं काम हाय तात्या. दिवस आधी वाच, महिना मागून, एवढं सांगितलं की झालं. पर सामने सुरू व्हायच्या तोंडावर मोहनरावांच्या परवानगीबिगर मला आत हात घालता येत न्हाई. अन् बाद संघ परत घ्यायचा तर तो त्यांच्याच शब्दानं."

"चल मग बीडला."

"आत्ता?"

"न्हाई, सहा जानेवारीला!"

निघालो. बसमध्ये माझं तोंड बघून कंडक्टर तिकीट मागायला आला नाही, ड्रायव्हरनं एकाही थांब्यावर गाडी थांबवली नाही, आणि बीडच्या स्टँडवर गाडी पोचली ती सुटायच्या वेळेच्या आधी.

"तुमी माझ्या मोटारसायकलवर गेलता, तात्या," माडीच्या जिन्यावरून रुद्रेश ओरडतोय. "वाटंत दोनदा चहाला थांबायला लावलं."

गप रे. गोष्ट कोण सांगतंय?

मोहनराव ऑफिसात बसले होते. मागं त्यांचाच मोठा फोटो, पुढं तेच, दोघांच्या मध्ये खुर्ची. अंगावर इस्त्री इतकी कडक की माणूस वाकला तर मोडेल. मी रामराम घातला. त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

"शिरूरचे का? तुमच्या गुरुजींना फोनवर सांगितलंय. एका दिवशी जल्मलेला संघ आमी घेत नसतो."

"साहेब, तारीख उलटी वाचली गेलीय," रुद्रेश म्हणाला. "चूक वेबसाइटची हाय."

"वेबसाइट लाखभर लोकं बघतेत. कोणाची तक्रार न्हाई. तुमचीच कशी? तुमी तोडकरी लोकं लेकरांचं वय कमी सांगता, हे मला म्हाईत न्हाई व्हय? एकाच दिवशी आख्खी वस्ती बाळंत झाली? काय रं, दवंडी पिटवली हुती का?"

माझ्या डोळ्यापुढं पेटीचं झाकण आलं. मी पुढं झालो. टेबलावर हात ठेवले आणि टेबल, तुम्ही मानणार नाही, एक वीत जमिनीत गेलं.

"मोहनराव, आमच्या बायका बाळंत झाल्या तवा दवंडी पिटवायला कोणी नव्हतं. कोयता बाजूला ठिवायचा, लेकरू काढायचं, दुसऱ्या दिवशी परत मोळी बांधायची. तारीख बघायला तिथं भिंत नव्हती, तर कॅलेंडर कशाला लटकवणार? तुमच्यासारख्यांच्या चहात साखर पडावी म्हणून आमच्या लेकरांस्नी जल्मतारीख न्हाई. अन् तुमी आमालाच चोर म्हणता?"

"आवाज खाली, म्हाताऱ्या!"

"खाली कुठं ठिवू? आमी खालीच हाव!"

दारात माणसं जमली. तेवढ्यात रुद्रेशनं काय करावं? आपला मोबाइल काढला आणि गुपचूप मोहनरावांच्या पुढं धरला.

"साहेब, एवढं बघा. वेबसाइटवर तुमच्या परिचयाचं पान हाय. अध्यक्षांचं."

मोहनरावांनी बघितलं. फोटो त्यांचाच. नाव त्यांचंच. खाली लिहिलेलं, जन्म सहा जानेवारी.

आता बीडच्या पोराटोरांना ठाऊक आहे, की मोहनरावांचा वाढदिवस एक जूनला असतो. चौकाचौकात त्यांचे बोर्ड लागतात, गल्लीतल्या तान्ह्या लेकराचासुद्धा फोटो खाली शुभेच्छुक म्हणून असतो. मोहनरावही कोणा गुरुजींच्याच हातचे. कान धरूनच शाळेत गेलेले.

"हे कोणी केलं?" मोहनराव उभे राहिले. इस्त्री मोडली. "माझा वाढदिवस बदलायचा अधिकार तुला कोणी दिला बे? मी काय स्वेटर घालून केक कापू? कधीपासून हाय हे असं?"

"वेबसाइट सुरू झाल्यापासून, साहेब. कोणी बघितलं न्हाई."

"मोहनराव," मी हळूच विचारलं, "तुमी बी आमच्या पोरींच्याच दिवशी जल्मले की. दवंडी पिटवली हुती का?"

दारातला एक जण फिसकन हसला. मोहनरावांनी त्याच्याकडं बघितलं, तो दिसेनासा झाला.

"माझी गोष्ट येगळी हाय," मोहनराव म्हणाले. "रुद्रेश, आधी हे नीट कर. आत्ताच्या आत्ता. इथंच बसून."

रुद्रेशनं लॅपटॉप उघडला, ती एक ओळ लिहिली. एक ओळ! ज्या ओळीसाठी माझी नात पेटीचं झाकण लावून बसली होती, ती माझ्या करंगळीएवढी सुद्धा नव्हती. पान पुन्हा उघडलं. अध्यक्ष जूनमध्ये परत आले. आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या पोरी, एकेक करून. तांबडं 'अपात्र' गेलं, हिरवं 'पात्र' आलं.

पण तो माणूस मोहनराव. हरला तरी शेवटचा घास स्वतःच्याच तोंडात घालणार. त्यानं पडद्यावर गोकर्णाचा फोटो बोटानं मोठा केला.

"बाकीच्या ठीक हायत. पर ही कर्णधार, ही लांबडी, ही मला लहान दिसत न्हाई. तारीख काय, बदलता येती, बघितलं की आत्ताच. हिच्या घरच्या मोठ्या माणसानं महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलून सांगावं, की पोरगी जूनचीच हाय. तर घेईन. न्हाईतर कर्णधाराबिगर खेळा."

कर्णधाराबिगर! बैल सोडून गाडी हाकायला सांगत होता. रागानं माझ्या धोतराचा काठ थरथरत होता. पण मी म्हणालो, चला.

गेलो देवळात. पुजाऱ्यानं बेलाची पानं आणि चिमूटभर भंडारा माझ्या ओंजळीत ठेवला. मोहनराव समोर, त्यांची माणसं मागं. आणि मी खणखणीत आवाजात सांगितलं, "माझी नात गोकर्णा ही जूनचीच. जल्मली तवा तिची मूठ मिटल्याली हुती. मी मूठ उघडली तर आत मिरगाचा किडा! तांबडा, मखमलीसारखा, जिता, तळहातावर चालत हुता. अन् मिरगाचा किडा जून सोडून दुसऱ्या कुठल्या महिन्यात जमिनीवर येत असंल, तर ह्या महादेवापुढं माझी जीभ झडून पडावी."

पुजाऱ्यानं हात जोडले. मोहनरावांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. ह्या किड्यापुढं कोण बोलणार?

"तात्या," अप्पा गल्ल्यावरून म्हणतात, "एक जूनला मिरग कुठं लागतो? आठवडाभर तरी जातो अजून."

त्या वर्षी लवकर लागला होता, अप्पा. तुम्ही दुकानात बसता, तुम्हाला रानातलं काय कळणार? तर सांगायचं काय, गोकर्णानं पेटीच्या तळातून बनियन काढला. पहिला सामना मारला, दुसरा मारला, तिसऱ्यात तिनं एका चढाईत आख्खा संघ गारद केला आणि येताना पंचालाही मध्यरेषेच्या अलीकडं ओढून आणलं. आता परवा रविवारी फायनल. सुनिता आणि रामेश्वर फडातून निघालेत, वाटेतून फोन होता. मोहनराव स्वतः कप देणार आहेत माझ्या नातीच्या हातात, आणि मी पहिल्या रांगेत बसून त्यांना विचारणार आहे, की काय हो अध्यक्ष, कॉम्प्युटर मोठा का त्रिंबकतात्याची जबान…

"कसला किडा?"

चंद्रभागेनं सूप खाली ठेवलं होतं.

"तू शेंगदाणे निवड," मी म्हणालो.

"निवडले. कसला किडा म्हणते मी? तुमी बेलभंडारा उचलला? महादेवाच्या पुढं?"

"आगं हळू बोल. बाजार हाय. बीडची माणसं येतेत बाजाराला."

"येऊ द्या की! मी हुते त्या खोपीत, तुमी भाईर हुता. तिच्या मुठीत पाचटाची काडी हुती, वाळकी. कारखान्याचा भोंगा वाजत हुता. लेकरू थंडीनं निळं पडलं, तवा तुमीच बैलाच्या अंगावरची झूल काढून मला आत दिली अन् बैल रातभर कुडकुडला. आठवतंय का? चार-आठ दिसांनी संकरात आली, मुकादमाच्या बायकुनं तिच्या इवल्याशा जिभंवर तिळगूळ टेकवला." ती उभी राहिली आणि पलीकडच्या भाजीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढे दिस तुमी ज्या कॉम्प्युटरला शिव्या घालताय, तो खरं बोलला हुता! गोकर्णा जानेवारीचीच हाय, अन् देवाच्या दारात भंडारा उचलून खोटं बोलले ते तुमी!"